गाडीत काही नाही

"लिटरला किती देते?" असं मेकॅनिकने विचारलं की गिऱ्हाईक आधी शेजारी उभ्या असलेल्या गाडीकडे बघतं आणि मग आकडा सांगतं. शेजारची पन्नास देत असेल तर आपली पंचावन्न द्यायची आणि आता एकदम पस्तीसवर आली. चाळीस वर्षं डिचोलीत गॅरेज चालवून मी एवढं शिकलो की ॲव्हरेजच्या बाबतीत देवमाणूससुद्धा थोडं खोटं बोलतो. लग्नाळू मुलीचं वय सांगताना बोलतात तसं. त्यात वाईट हेतू नसतो.

गॅरेज बंद केल्याला आता दोन पावसाळे झाले. या अंकासाठी काहीतरी गमतीचं लिहा, असा निरोप आला तेव्हा मी कपाटातून जुनी डायरी काढली. गमती तिच्यात खूप आहेत. सर्वणचे एक शाळामास्तर पहाटे सहाला पंपावर जाऊन उभे राहायचे, कारण गार पेट्रोल घट्ट असतं आणि तेवढ्याच मापात जास्त बसतं असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. एवढं करूनही गाडी ॲव्हरेज देत नव्हती. मी मागच्या चाकाच्या ड्रमला हात लावला तर चटका बसला. मास्तर दिवसभर ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवत होते. मी म्हटलं, "मास्तर, ब्रेकवरचा पाय काढा." ते म्हणाले, "काढून ठेवू खंय?" बघतो तर उजव्या बाजूचं पाय ठेवायचं रबर आणि त्याखालची दांडी दोन्ही तुटून पडलेली. गेल्या शिमग्यापासून पडलेली.

पाळी गावात एक पोदेर होता. घरोघर पाव टाकणारा. दर दारात गाडी चालू ठेवूनच हॉर्न वाजवायचा, उंडे पाव मोजून द्यायचा, बायकांशी दोन शब्द बोलायचा. चाळीस दारं. मी त्याला समजावलं की गाडी चालत नसली तरी चालू असते तेव्हा जेवतच असते, आणि काटा काही पुढे सरकत नाही. तो म्हणाला, "बंद केली तर चाळीस वेळा किक कोण मारतलो? तू येतलस?"

अशा गमती आणखी वीस-पंचवीस सांगता येतील आणि हे पान भरेल. पण डायरीत मध्येच एक पान आहे. त्यावर एका मोटरसायकलचा नंबर आहे आणि त्यापुढे माझ्याच अक्षरात तीन शब्द आहेत. ते वाचल्यावर बाकीचं काही लिहावंसं वाटेना.

आधी धंदा थोडा समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल.

मी शिकलो पाळीला, खाणीवरच्या वर्कशॉपात. माझे वडील सिंधुदुर्गातून खाणीवर कामाला आले ते तिथेच राहिले. भाषेवरून गोव्यात डोकी फुटत होती, पुढे राज्य झालं, त्या सगळ्या काळात मी जमिनीवर पाठ टेकून गाड्यांची पोटं बघत होतो. आमच्या घरच्या बोलीला कुणी कोंकणी म्हणो, कुणी मालवणी. लिहायला मात्र मराठी शाळेतलीच येते, म्हणून हे असं लिहितो आहे.

त्या काळच्या गाडीला कार्बुरेटर असायचा. गाडी किती पिते हे बघायचं तर टाकीची नळी काढायची, सलाइनच्या बाटलीत मापून पेट्रोल घ्यायचं, बाटली हँडलला टांगायची आणि ती संपेपर्यंत गाडी हाकायची. गाडी जिथे थांबेल तिथे हिशेब पुरा. मग प्लग काढून बघायचा. विटकरी असला तर तब्येत चांगली. पांढरा असला तर उपाशी. काजळी धरून काळा झाला असेल तर गाडी जरुरीपेक्षा जास्त जेवते आहे. एवढ्या तीन रंगांवर मी पोट भरलं, घर बांधलं आणि बहिणीचं लग्न केलं. प्लगाचा रंग बघून गिऱ्हाइकाची चालवायची सवय सांगायचो, तेव्हा लोक तोंडात बोट घालायचे. मेस्ताने सांगितलं म्हणजे सांगितलं, असं डिचोलीत बोललं जायचं. मेस्त म्हणजे आमच्याकडे कुठल्याही हातकामातला वाकबगार माणूस. ते ऐकायला मला फार आवडायचं.

मग इंजेक्शनच्या गाड्या आल्या. कार्बुरेटर गेला. त्याच्या जागी एक छोटी पेटी, जिला आम्ही कॉम्प्युटर म्हणतो. इंजिनावर इथे-तिथे सेन्सर बसवलेले असतात. बाहेर हवा किती, इंजिन किती तापलंय, धुरात काय शिल्लक राहिलं, हे ते त्या पेटीला सांगतात आणि पेटी ठरवते की किती पेट्रोल फवारायचं. पंप टाकीच्या आत. बाटली टांगायची सोय संपली. एका कंपनीने आम्हा गॅरेजवाल्यांना तीन दिवसांचं ट्रेनिंग दिलं. समोर पडदा, हातात वही, दुपारी जेवण. तिथल्या तरुण साहेबाने पहिल्याच दिवशी सांगितलं, जुन्या सवयी विसरा. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा असतो. आत बिघाड असेल तर तो पेटतो. मग हे स्कॅनर लावा, तो बिघाडाचा नंबर सांगेल. दिवा नाही, नंबर नाही, तर बिघाड नाही.

माझं वय पन्नाशी ओलांडलेलं. सगळ्या वर्गात सर्वांत म्हातारा मीच. प्लगाचा रंग बघणाऱ्याला तिथे हसत होते. मी परत आलो तो स्कॅनर विकत घेऊनच आलो आणि तो बाहेरच्या मेजावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

आता डायरीतल्या त्या गाडीच्या दोघा मालकांबद्दल सांगतो.

गुरुदास सर्वणचा, आणि आनंद मूळचा दोडामार्गाकडचा. दोघेही पाळीला खाणीवर टिपर चालवायचे, वीस वर्षं, एकाच्या टिपरमागे दुसऱ्याचा. आनंद गुरुदासच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत बायकोबरोबर राहायचा. त्याची बायको शोभा, पेडण्यातल्या केरीची. मूलबाळ नव्हतं. गुरुदासची मुलं तिच्याच अंगाखांद्यावर वाढली.

खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या आणि मग उघडल्याच नाहीत. टिपर दारात उभे राहून गंजले. वर्ष-दीड वर्ष दोघांनी मिळेल ते काम केलं. मग दोघांनी मिळून एक मोटरसायकल घेतली आणि डिचोलीच्या बसस्टँडवर पायलट झाले. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: पायलट म्हणजे मोटरसायकलवर भाडं नेणारा. पुढचा मडगार्ड पिवळा, मागे एक प्रवासी. सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत गाडी आनंदकडे, दोनपासून रात्रीपर्यंत गुरुदासकडे. चाव्या दोन, गाडी एक.

दोघांचा एक रिवाज होता, तो त्यांनी खाणीवरून आणला होता. खाणीवर पाळी बदलताना टिपर दुसऱ्याच्या हाती द्यायचा तर डिझेल भरून आणि धुऊन द्यायचा. लाल मातीने बरबटलेला टिपर साथीदाराला देणं म्हणजे त्याचा अपमान. तेच यांनी मोटरसायकलला लावलं. आपली पाळी संपली की पंपावर जाऊन टाकी गळ्यापर्यंत भरायची, पलीकडच्या सर्व्हिसिंगवाल्याकडे प्रेशरच्या पाण्याने गाडी लख्ख धुवायची आणि मग दुसऱ्याच्या हातात द्यायची. दिवसातून दोनदा. स्टँडवरचे बाकीचे पायलट त्यांची थट्टा करायचे, की यांची गाडी नवरीपेक्षा जास्त न्हाते. मीही करायचो. पण मनातून मला त्या दोघांचं कौतुक वाटायचं. इतकी वर्षं मी भावाभावांच्या गाड्या बघितल्या होत्या, पेट्रोलवरून एकमेकांचे गळे धरणारे. यांच्यात तोंडातून हिशेब कधी निघाला नाही.

एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला गुरुदास गॅरेजात आला. त्या दिवशी आनंद शोभाला घेऊन बसने केरीला गेला होता, म्हणून गाडी सकाळपासून घरीच होती. गुरुदासने ती ढकलत, इंजिन न लावता, उतारावरून आणली. वळणावर माझं गॅरेज, उतार सगळा माझ्या दारापर्यंत. पेट्रोल वाचवायला.

"मेस्ता, हें गाडयेचें कितें तरी पळे," तो म्हणाला. "आदीं पन्नास दिताली, आतां चाळीसूय दिना."

मी विचारलं, "कधीपासून?"

"दोन म्हयने." मग तो थांबला. आवाज खाली आणून म्हणाला, "गाडी पिता काय टाकी म्हज्या हातांत उणी येता, तें म्हाका कळूंक जाय."

त्याचं म्हणणं समजायला मला वेळ लागला नाही. दुपारी दोनला गाडी हाती येते तेव्हा टाकी गळ्यापर्यंत भरलेली असते, असं धरून तो चालायचा. रात्री भरताना चालवलेल्या किलोमीटरच्या मानाने पेट्रोल जास्त जात होतं. याचे अर्थ दोनच. एक तर गाडी जास्त पिते, नाहीतर दुपारी ती भरलेली नसतेच. म्हणजे आनंद टाकी न भरता भरली म्हणून सांगतो.

तो ते नाव घेत नव्हता. माझ्या तोंडून गाडीचा दोष निघावा म्हणून तो आला होता, हे मला आज स्पष्ट दिसतं. त्या दिवशी दिसलं नाही.

मी प्लग काढला. काळा होता. काजळीने मखमलीसारखा काळा. माझ्या हाताने, माझ्या डोळ्यांनी, तीन रंगांवर जगलेल्या माझ्या सगळ्या आयुष्याने मला तिथेच सांगितलं की ही गाडी जास्त जेवते आहे. मग मी मीटरकडे बघितलं. चावी फिरवल्यावर पिवळा दिवा पेटला आणि लगेच विझला, म्हणजे ठीक. स्कॅनर लावला. नंबर नाही. बिघाड नाही. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती. नव्या मशीनकडे बघत होती. मी प्लग रॉकेलमध्ये बुडवला, ब्रशने घासला, पुसून परत लावला. स्टँडवर उभ्या-उभ्या गाडी चालू ठेवतात, त्याची काजळी असेल, असं स्वतःला सांगितलं.

"गाडयेंत कांयच ना?" गुरुदासने विचारलं.

"गाडीत काय नाय," मी म्हटलं. आणि तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण बाकावरचे दोघे ऐकत होते आणि माझी जीभ सैल आहे. मी हसून पुढे म्हटलं, "गाडी पिता तितकाच पिता. बाकीचा खंय जाता, ता माका नको विचारू."

बाकावरचे हसले. गुरुदास हसला नाही. संध्याकाळी मी डायरीत त्याच्या गाडीचा नंबर लिहिला आणि पुढे लिहिलं, गाडीत काही नाही.

त्यानंतरच्या सोमवारी गुरुदास परत आला, गाडी न घेता. म्हणाला, दुपारी अडीच वाजता देवळात ये, जे मला सांगितलंस तेवढंच तिथे सांग. आमच्या भागात अजून ही रीत आहे. जे कोर्टकचेरीत न्यायचं नसतं ते देवापुढे नेतात. पायरीला हात लावून शपथ घ्यायची, प्रकरण मिटलं. खोटी शपथ घ्यायला माणूस घाबरतो, म्हणून खरी शपथ मान्य होते. मी गेलो. नको जायला, असं मनात आलंही नाही. मेस्ताला साक्षीला बोलावलं याचा थोडा अभिमानच वाटत होता.

सभामंडपात सात-आठ माणसं होती. आनंद खांबाला टेकून उभा होता. त्याला आधी काही सांगितलं नव्हतं बहुतेक, कारण तो कामावरूनच आला होता आणि हातात टोपी होती. मला पुढे बोलावलं. मी म्हटलं, मी मशीन लावून बघितलं आहे, गाडीत काही नाही. देवापुढे मी खोटं बोललो नाही. खरं मला माहीतच नव्हतं. पण मला माहीत नाही, असंही मी बोललो नाही.

गुरुदास आनंदला म्हणाला, "देवा मुखार एकदां सोपूत घे, इतलेंच सांगतां. कांय केलें ना जाल्यार भंय कित्याचो?"

आनंदने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. रागाने नाही. रस्त्यात ओळखीचा माणूस दिसावा आणि तो आपला नव्हेच असं वाटावं, तसं.

"माज्या नि तुज्या मधी देवाक कित्याक आणलस रे गुरू?" एवढंच तो म्हणाला. खिशातून गाडीची चावी काढली, पायरीवर ठेवली आणि निघून गेला.

शपथ घेतली नाही म्हणजे चोर. सर्वणला, डिचोलीच्या स्टँडवर, पंपावर, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हेच झालं. आठवड्याच्या आत त्याने दोन खोल्या सोडल्या आणि शोभाला घेऊन केरीला मेव्हण्याकडे गेला. तिथे समुद्रावर रापण ओढायला लागला, असं कळलं. वीस वर्षं स्टिअरिंग धरलेला, पन्नाशीला आलेला माणूस, वाळूत पाय रोवून जाळं ओढत होता.

तो गेला त्याच आठवड्यात, शनिवारी दुपारी, गुरुदास सर्व्हिसिंगला गाडी घेऊन आला. साखळी गावी भाडं सोडून थेट आला होता. इंजिन इतकं तापलेलं की जवळ बसलं तरी झळ लागत होती. ऑइल बदलायचं होतं. सर्व्हिसिंगची खूण पुसायला मी स्कॅनर लावला आणि सहज एक पान पुढे गेलो, जिथे सेन्सर काय सांगतात ते आकड्यांत दिसतं. इंजिनाचं तापमान: चौतीस.

मी परत बघितलं. बोटाला थुंकी लावून इंजिनाला लावली, ती चुर्र झाली. मशीन म्हणत होतं चौतीस. उन्हात ठेवलेल्या पाण्याच्या बादलीइतकं.

वाचकांना एवढंच सांगतो. गार इंजिनाला सुरुवातीला जास्त पेट्रोल लागतं. जुन्या गाडीत आपण चोक ओढायचो तो त्यासाठीच, आणि गाडी तापली की आत ढकलायचो. नव्या गाडीत हे काम तापमानाचा सेन्सर आणि पेटी करतात. इथे सेन्सर पेटीला दिवसभर सांगत होता, मी अजून गार आहे. पेटी बिचारी दिवसभर चोक ओढल्यासारखं पेट्रोल ओतत होती. सेन्सर मुका झाला असता तर दिवा पेटला असता. तो मुका नव्हता, तो चुकीचं पण पटण्यासारखं सांगत होता. असल्याला पकडायला मशीनमध्ये नंबर नसतो. त्याची चुगली काळा प्लगच करतो.

मी सेन्सरच्या वायरची टोपी उघडली. आतल्या दोन्ही पिना हिरव्या झाल्या होत्या. पाणी शिरून शिरून गंजलेल्या. प्रेशरचं पाणी, दिवसातून दोनदा. एकमेकांना गाडी स्वच्छ मिळावी म्हणून.

गुरुदास चार पावलांवर बाकावर बसून चहा पीत होता. स्टँडवरचे आणखी दोघं होते आणि बोलणं आनंदचंच चाललं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण शाळेत आम्ही वहीवर दहादा लिहिली होती. मी तर चोर नसतानाच सूळ उभा केला होता. तेव्हाच उठून म्हणायला हवं होतं, गुरुदास, इकडे ये, हे बघ. चार पावलं. मी काय केलं ते लिहितो. पिना पॉलिश पेपरने घासल्या, स्प्रे मारला, टोपी घट्ट बसवली, वरून रबर गुंडाळलं. मनात म्हटलं, या लोकांसमोर नको, उद्या एकटा भेटेल तेव्हा सांगू. आणि बाहेर येऊन म्हटलं, "झाली गाडी. आता प्रेशरचा पाणी नको मारू."

दहा दिवसांनी गुरुदास खास थांबून सांगायला आला. गाडी परत पन्नास देऊ लागली होती. "पळय," तो म्हणाला, "तो गेलो आनी ॲव्हरेज आयलें. आनी कितें पुरावो जाय?"

मी मान हलवली. मान हलवली म्हणजे काय, हो म्हटलं.

त्यानंतर सांगणं रोज कठीण होत गेलं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर चूक एकच होती, निदानाची. दहाव्या दिवशी त्यात मान हलवणं मिळालं. महिन्याने सांगायचं तर महिनाभर गप्प का राहिलास, याचं उत्तर द्यावं लागणार होतं. मेस्ताने सांगितलं म्हणजे सांगितलं, हे ज्यांच्या तोंडून ऐकायला आवडायचं त्यांच्यासमोरच हे सगळं सांगायचं होतं. मी भित्रा माणूस आहे हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. चतुर्थी गेली, दसरा गेला. चतुर्थीला तर केरीला जायचं पक्कंही केलं होतं. मग पाऊस जास्त आहे, असं कारण काढलं.

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस बातमी आली. सकाळी रापण ओढताना आनंदच्या छातीत कळ आली. वाळूतच बसला, तो उठला नाही. बरोबरच्यांना वाटलं, दमलाय.

बाराव्यानंतर मी केरीला गेलो. मेव्हण्याचं घर समुद्रापासून थोडं आत, माडांत. शोभा ओसरीवर होती. मी तिला वयनी म्हणायचो. तिने मला ओळखलं, बसायला कदेल पुढे केली, म्हणाली, "बसा, मेस्त. लांबसून इलात." चहा आणायला आत गेली. तेवढ्यात मी तिथून पळून जाऊ शकलो असतो. खोटं कशाला लिहू, आलं होतं मनात.

चहा समोर ठेवल्यावर मी सगळं सांगितलं. सेन्सर, हिरव्या पिना, काळा प्लग, बाकावरचे लोक, महिने. तिला सेन्सर कळला नसेल, पण गाडीतच बिघाड होता हे कळलं. ती रडली नाही. तिने खिडकीतून आत बघितलं. आत भिंतीवर आनंदचा फोटो होता.

"त्यांचा पण तसाच होता," ती म्हणाली.

मी विचारलं, "काय तसंच?"

"पेट्रोल. दुपारी टाकी भरूक गेले की जास्त लागता, असा सांगीत. दोन म्हयने तसाच चल्ला होता. मी एकदा म्हटलंय, गुरुभावजी रात्री टाकी कमी भरतत काय ओ? तर माज्यार कसले चिडले! म्हणाले, 'गुरू तसलो न्हय गो. गाडीकच काय तरी झालाहा.'"

मला पुढचं ऐकवेना, पण ती सांगत राहिली. "आमी हयसून परत गेलो तेवा कळला की गुरुभावजींनी गाडी तुमच्याकडे न्हेल्यानी. खूश झाले. म्हणाले, 'बरा झाला. आता मेस्त शोधून काढतलो.'"

केरीहून डिचोलीपर्यंत बसच्या दीड तासात मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. दोघांनाही पेट्रोल जास्त लागत होतं. एकालाच लागलं असतं तर दुसऱ्यावर संशय घ्यायला जागा होती. दोघांनाही लागतं म्हणजे कुणीच चोर नाही, गाडी चोर. याला ना मशीन लागत होतं, ना प्लगाचा रंग. स्टँड माझ्या गॅरेजपासून दोनशे पावलांवर होता. आनंद रोज सकाळी तिथे उभा असायचा. मी त्याला एकदा विचारलं असतं, तुझी टाकी किती घेते रे? मी प्लगाला विचारलं, दिव्याला विचारलं, स्कॅनरला विचारलं. गाडी अर्धा दिवस चालवणाऱ्या माणसाला विचारलं नाही. आणि त्या माणसाने, ज्याला इंजिनातलं फार काही कळत नव्हतं, त्याने माझ्याआधी बरोबर निदान केलं होतं. कारण त्याने आधी हे ठरवलं होतं की गुरू चोर नाही. मग उरली गाडीच.

बसमधून उतरलो तो तसाच स्टँडवर गेलो. दुपारचे तीन वाजले होते. गुरुदास गाडीवर आडवा बसून भाड्याची वाट बघत होता. मी त्याला बाजूला घेतलं नाही. या वेळी बाकीचे पायलट ऐकत होते तरी सगळं सांगितलं, आणि शोभाचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

तो ऐकत असताना त्याच्या चेहऱ्यावरून मला काही कळत नव्हतं. संपल्यावर त्याने विचारलं, "गाडीकच कितें तरी जालां, अशें म्हणलें ताणें?"

"होय."

"गुरू तसलो न्हय, अशें म्हणलें?"

"होय."

एक बाई पिशवी घेऊन आली, साखळीला येणार का म्हणून विचारू लागली. दुसऱ्या पायलटने तिला खुणेने आपल्याकडे बोलावलं. गुरुदासने मान खाली घातली होती, ती तशीच ठेवून त्याने विचारलं, "तुका केन्ना कळ्ळें, मेस्ता?"

"तुझ्या सर्व्हिसिंगच्या दिवशी. तो गेला त्याच आठवड्यात."

"तो जिवो आसतना."

"चार महिने होता त्यानंतर," मी म्हटलं.

आता तो मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो गाडीवरून उतरला, चावी काढून हातात घेतली आणि तिच्याकडे बघत म्हणाला, "केरी हांगासून देड वरांची वाट, मेस्ता. देडूच वरांची."